मेंदूची वाट मनगटातून

अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर बोटं टेकवा. ठोका लागतो ती रेडियल धमनी, जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या एखाद्या माणसाला मेंदूच्या अँजिओग्राफीसाठी पुण्याला नेलं, तर डॉक्टर याच ठोक्यावर सुई घालू शकतात. मग बारीक नळी दंडातून वर, छातीतल्या महाधमनीपाशी वळून थेट मानेत चढते. आत काही सरकतंय हे रुग्णाला बहुधा कळतही नाही!

1927 साली पोर्तुगालच्या एगास मोनीझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं, ते मानेतच औषध टोचून. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी आधी सुई, सुईतून तार, तारेवरून नळी अशी युक्ती शोधली. पुढे जांघेचा रस्ता रूढ झाला.

जांघेतली धमनी मनगटातल्या धमनीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल. सुई जरा वर लागली तर रक्त पोटामागच्या पोकळीत झिरपत राहतं. बाहेर थेंबही दिसत नाही. कंबर दुखते, रक्तदाब उतरतो, तेव्हा पत्ता लागतो. म्हणून तर नंतर तासन् तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. मनगटात धमनीखाली लगेच हाड असतं, वरून पट्टा आवळला की काम झालं. माणूस उठून चहा पितो. शिवाय तळहाताला रक्त येतं दोन्हीकडून वाहणाऱ्या चारीसारखं: रेडियल बंद पडली तरी करंगळीकडची अल्नर धमनी सहसा पुरते.

हृदयाच्या बाबतीत हे मोजून झालंय. 2011 च्या ‘रायव्हल’ चाचणीत 7,021 रुग्ण होते. सुईच्या जागच्या धमनीला मोठी इजा मनगटात 1.4 टक्के, जांघेत 3.7 टक्के. मेंदूचा पुरावा त्यामानाने तोकडा, पण रक्तस्रावाबाबत कल तोच. तरी जांघ मोडीत काढायला मी तयार नाही. पक्षाघातात रक्ताची गाठ ओढून काढायला जाड नळी लागते, ती अरुंद मनगटात अडते. उजव्या हातातून मानेतल्या डाव्या कॅरोटिड धमनीत शिरायचं तर नळीला उलटं वळण घ्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. तिथे वळणं घेत बसायला सवड कुणाला? डायलिसिसच्या रुग्णाचं मनगटही शक्यतो राखून ठेवतात, फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडायला.

हल्ली काही डॉक्टर सुई आणखी पुढे, अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात घालतात. तिथली वाट बुजली, तरी मनगटातली धमनी बहुधा वाहती राहते.