रुमालात बांधलेली वतने

नाशिकच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर पडलेले दप्तरांचे रुमाल इतक्या पिढ्या तगून राहिले, याचे श्रेय आपण भाविकपणे पूर्वजांच्या इतिहासप्रेमास देतो. परंतु 1852 पासून 1957 पर्यंतच्या शतकाचा मागोवा घेतला म्हणजे या रुमालांचा खरा राखणदार हक्क गमावण्याची धास्ती हाच होता, असे मानणे भाग पडते.

1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले आणि पेशवाईपासून निर्वेधपणे जमीन उपभोगणाऱ्या घराण्यांवर सनद, महजर, निवाडपत्र हजर करून आपले स्वामित्व शाबीत करण्याची पाळी आली. दक्षिण मराठी मुलखात त्यामुळे उसळलेला असंतोष सर्वश्रुत आहे. घरोघर मात्र असे झाले की, उद्या कोणता कागद कामी येईल हे ठाऊक नसल्याने जुन्नरी कागदाचा चिटोराही वेखंडाच्या कांड्यांसह खारव्यात बांधला गेला, आणि सनदांच्या आश्रयाने सोयरिकीची, दुखण्याखुपण्याची, उसनवारीची पत्रेही तरली. त्याच दक्षिणेत मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरावर 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे जे कार्य आरंभिले आणि 1924 साली निधन होईपर्यंत चालविले, त्यावरून एका घराण्याच्या कागदांत केवढे राजकारण साठलेले असते याची कल्पना यावी.

पुढे 1951 साली परगणे व कुळकर्णी वतने गेली, 1953 साली खासगी इनामे गेली, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारे कूळच मालक ठरले. कायदे न्याय्यच होते. पण ज्या दिवशी सनदेची किंमत सरली, त्या दिवशी दप्तराची राखणही सरली, आणि मोडी वाचणारे घरात उरले नसल्याने कित्येक रुमाल रद्दीच्या तागडीत गेले. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तेवढ्या वाचल्या, त्या त्यांचे काम थांबले नाही म्हणून: यजमान येतच राहिले, गाव, कूळ आणि पूर्वजांची नावे लिहीतच राहिले.

आता जी घराणी उरलेले कागद एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करू पाहतात, ती बहुधा ‘महत्त्वाचे’ आणि ‘घरगुती’ असे दोन ढीग प्रथम करतात, व येथेच अनर्थ होतो. पेशवेकालीन खासगी पत्रावर पुष्कळदा नुसता चंद्र असतो, ‘छ 7 रजब’ एवढाच, साल नसतेच. खरेदीखतावर वा वाटणीपत्रावर मात्र शक, संवत्सर, तिथी असे सारे साग्र लिहिलेले आढळते, आणि त्याच रुमालातल्या अशा खतात तीच माणसे, तोच तंटा, तेच कर्ज सापडले म्हणजे पत्राचे साल निश्चित करता येते. म्हणून रुमाल सोडण्यापूर्वी तो कोणत्या वाड्यातला, कोणत्या कोनाड्यातला हे टिपावे, कागदांना आहे त्याच क्रमाने अंक घालावेत, आणि वर्गवारीचा उत्साह मोडी जाणणाऱ्यासाठी राखून ठेवावा.