काशीचे राजघराणे : उदय आणि अस्त

काशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गंगेचे घाट आणि विश्वेश्वराचे मंदिर उभे राहते. या नगरीच्या समोर, गंगेच्या पूर्वतीरावर, रामनगर हे गाव आहे. तेथील दगडी किल्ला हे काशीच्या राजांचे निवासस्थान होय. हे घराणे कसे उदयास आले, त्याची सत्ता कशी लयास गेली आणि सत्ता गेल्यावरही त्याचा मान का टिकला, हे या पाठात पाहू.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीची मोगल सत्ता खिळखिळी झाली होती. प्रांतोप्रांतीचे सुभेदार नावापुरते बादशहाचे सेवक उरले होते. अवधचा नवाब सादतखान हा त्यांपैकीच एक. बनारस प्रदेशाचा महसूल गोळा करण्याचे काम त्याने मीर रुस्तम अली याच्याकडे सोपविले होते. रुस्तम अलीच्या पदरी गंगापूरचा मनसाराम नावाचा चतुर जमीनदार होता. हळूहळू वसुलीचा कारभार मनसारामच्या हाती आला आणि १७३८ च्या सुमारास त्याने आपला पुत्र बळवंतसिंग याच्या नावे या प्रदेशाची जमीनदारी मिळविली.

जमीनदार म्हणजे रयतेकडून महसूल घेऊन त्यातील ठरलेली रक्कम वरच्या सत्तेकडे भरणारा. ज्याच्या हाती वसुली, त्याच्या हाती पैसा. आणि ज्याच्या हाती पैसा, त्याच्या पदरी फौज. बळवंतसिंगाने हे सूत्र नेमके ओळखले. त्याने लहान जमीनदारांना वचक बसविला आणि रामनगरचा किल्ला बांधला. १७६४ मध्ये बक्सारच्या लढाईत इंग्रजांनी अवधच्या नवाबाचा पराभव केला, तरी पुढील वर्षी झालेल्या अलाहाबादच्या तहात बळवंतसिंगाची जमीनदारी कायम राहिली. दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये राहून त्याने आपले बळ वाढविले. १७७० मध्ये तो मरण पावला आणि त्याचा पुत्र चेतसिंग गादीवर आला.

१७७५ च्या तहाने बनारसवरील नवाबाचा अधिकार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. चेतसिंगाने दरवर्षी सुमारे साडेबावीस लाख रुपये भरावेत आणि ते वेळेवर मिळाल्यास त्याच्याकडे अधिक काही मागू नये, असे ठरले. परंतु १७७८ मध्ये इंग्रजांचे फ्रेंचांशी युद्ध जुंपले. कंपनीचा खजिना रिता होऊ लागला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने चेतसिंगाकडे पाच लाख रुपये जादा मागितले. पुढील दोन वर्षीही हीच मागणी झाली. त्यात घोडदळाच्या मागणीची भर पडली. राजाने कालहरण केले. तेव्हा त्याला जबर दंड करावा, या हेतूने हेस्टिंग्ज स्वतः बनारसला आला.

१६ ऑगस्ट १७८१ रोजी शिवाला घाटावरील वाड्यात चेतसिंगाला अटक करण्यात आली. पहाऱ्यावरील कंपनीच्या शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता. राजाची माणसे त्यांच्यावर तुटून पडली. या गोंधळात पागोटी एकमेकांस बांधून केलेल्या दोराने चेतसिंग खाली उतरला आणि नावेतून रामनगरास निसटला. लोकांचा क्षोभ इतका वाढला की हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. मात्र हा उठाव फार दिवस टिकला नाही. चेतसिंग देशोधडीला लागला. अखेर महादजी शिंदे यांनी त्याला आश्रय दिला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेर येथे त्याचा अंत झाला.

कंपनीने बळवंतसिंगाच्या मुलीचा मुलगा महीपनारायण याला गादीवर बसविले. पण वार्षिक रक्कम चाळीस लाखांवर नेली आणि शहराचा न्याय व बंदोबस्त राजाकडून काढून घेतला. १७९४ च्या कराराने उरलेला बहुतेक कारभारही गेला. जी महसुलाची वसुली या घराण्याच्या उदयाला कारण झाली, तीच त्याच्या अस्तालाही कारण झाली. हेस्टिंग्जवर पुढे ब्रिटिश पार्लमेंटपुढे खटला चालला. त्यात चेतसिंगाच्या प्रकरणाचाही आरोप होता. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, तो निर्दोष सुटला. चेतसिंगाला मात्र त्याचे राज्य परत मिळाले नाही.

यापुढे या घराण्याने आपली प्रतिष्ठा निराळ्या मार्गाने जपली. उदितनारायण आणि ईश्वरीप्रसादनारायण यांच्या आश्रयाने रामनगरची रामलीला नावारूपास आली. सुमारे महिनाभर चालणाऱ्या या लीलेसाठी अवघे गावच रंगभूमी बनते. प्रभुनारायणसिंग यांच्या काळी, १९११ मध्ये, बनारस संस्थान निर्माण झाले. तथापि काशी शहर त्यात नव्हते. त्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयासाठी विस्तीर्ण जमीन दिली. ऑक्टोबर १९४९ मध्ये विभूतिनारायणसिंग यांच्या कारकिर्दीत संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने देशातील सर्वच संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार संपुष्टात आले. विभूतिनारायणसिंग २००० मध्ये निवर्तले. त्यांना लोक अखेरपर्यंत आदराने ‘काशीनरेश’ म्हणत.

राजसत्ता ही बळावर आणि पैशावर उभी राहते, म्हणून अधिक बळवान सत्ता ती हिरावून घेऊ शकते. विद्या आणि कला यांना दिलेला आश्रय मात्र लोकांच्या ठेव्यात जमा होतो. काशीच्या राजांचा अंमल इतिहासजमा झाला. त्यांनी दिलेल्या भूमीवर आजही विद्यार्थी शिकत आहेत.