पाऊस कोणाच्या बाजूचा?

लढाई हरलेल्या पक्षाची आभाळाकडे बोट दाखवण्याची सवय फार जुनी आहे. 1812 साली नेपोलियनची सेना रशियात नामशेष झाली, त्याचे सारे श्रेय तिथल्या हिवाळ्याला दिले जाते; मॉस्को गाठण्यापूर्वीच, ऐन उन्हाळ्यात, उष्मा, उपासमार आणि रोगराई यांनी त्या सेनेची भयंकर हानी केली होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. हवामान युद्धाचा निकाल फिरवते, यात शंका नाही. परंतु उभय पक्षांवर सारखाच बरसणारा पाऊस त्यांतील एकालाच का बुडवतो, हा खरा प्रश्न आहे.

प्लासीचेच पाहा. 23 जून 1757 रोजी भागीरथीकाठच्या आमराईत क्लाइव्ह सुमारे तीन हजार सैनिकांनिशी उभा होता. समोर सिराजउद्दौल्याचे सैन्य त्याच्या कित्येक पटींनी मोठे. दुपारच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकून घेतली. नवाबाच्या गोलंदाजांनी ती झाकली नाही, आणि त्यांच्या तोफा मुक्या झाल्या. शत्रूचीही तीच गत झाली असणार, अशा समजुतीने शूर मीर मदन घोडदळ घेऊन पुढे धावला आणि कोरड्या दारूच्या तोफांपुढे कोसळला. मीर जाफरच्या फितुरीचे पाप पावसाच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. पण फितूर माणूसही पारडे कोणीकडे झुकते हे पाहूनच पाऊल टाकतो. आणि पारडे त्या अर्ध्या घटकेत झुकले.

दारू ताडपत्रीने झाकता येते, समुद्र झाकता येत नाही. तेथे वादळ येण्याआधीच त्याची वर्दी मिळावी लागते. 1944 च्या जून महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांची प्रचंड सेना नॉर्मंडीवर उतरण्यासाठी सज्ज होती. छत्रीधारी सैनिकांसाठी चांदणे हवे, आणि पहाटे ओहोटीही हवी. असा योग त्या पंधरवड्यात 5, 6 आणि 7 या तीन तारखांनाच होता. ठरला होता 5 जून. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅकसॉडच्या टपाल कचेरीतून वायुभार झपाट्याने उतरत असल्याची नोंद आली. ती पुन्हा तपासून घेण्यात आली. मुख्य हवामान सल्लागार स्टॅग यांच्या हाताखालच्या तज्ज्ञांत एकमत नव्हते. अमेरिकन मंडळी 5 तारखेला अनुकूल, तर ब्रिटिश प्रतिकूल. अखेर स्टॅग यांनी वादळाचा इशारा दिला आणि आयसेनहॉवर यांनी मोहीम एक दिवस लांबणीवर टाकली. पुढे दोन वादळांच्या मधे किंचित उघडीप मिळेल, असा अंदाज त्याच स्टॅग यांनी वर्तवला, आणि 6 जूनला पहिल्याच दिवशी दीड लाखांहून अधिक सैनिक उतरले. समुद्र त्या दिवशीही खवळलेलाच होता. ओकाऱ्यांनी बेजार झालेल्यांना ही उघडीप कितपत जाणवली असेल, कोण जाणे!

तेच आभाळ जर्मनांच्याही डोक्यावर होते. पण तिकडचे हवामान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येते, आणि त्या महासागरावरील जर्मनांची निरीक्षणाची साधने तोवर बहुतांशी हिरावली गेली होती. त्यांना वादळ दिसले, त्यातील फट दिसली नाही. अशा हवेत कोणी उतरणार नाही या भरवशावर रोमेल 4 तारखेला जर्मनीला निघून गेले. 6 जून हा त्यांच्या पत्नीचा वाढदिवस होता.

उघडीप साधली नसती, तर भरती-ओहोटीचा पुढचा योग 19 जूनच्या आसपासचा होता. त्या 19 तारखेलाच खाडीत सुरू झालेल्या वादळाने तीन दिवस धुमाकूळ घातला आणि अमेरिकनांनी किनाऱ्याला लावलेले कृत्रिम बंदर मोडून टाकले. स्टॅग यांनी एका टिपणाद्वारे ही गोष्ट आयसेनहॉवर यांच्या नजरेस आणली. सेनापतींनी त्याच कागदावर आभाराच्या दोन ओळी लिहून तो परत पाठवला.