रंगाखालचा देवमासा

लिलाव म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर मार्केट यार्डातला कांद्याचा लिलाव उभा राहतो. आमच्या ट्रॉलीजवळ आलेला व्यापारी वरचा कांदा पाहत नाही; हात खोल घालून खालचा काढतो. जुन्या तैलचित्रांच्या लिलावाविषयी वाचताना मला हीच आठवण झाली.

समुद्रकिनाऱ्याचे जुने चित्र विक्रीस निघाले की लिलावगृह आधी सूची छापते. सूचीत चित्रकाराचे नुसते नाव असेल, तर चित्र त्याच्याच हातचे असे लिलावगृहाचे मत समजावे. 'त्याचे असावे', 'त्याच्या चित्रशाळेतले', 'त्याच्या अनुयायाचे' अशी एकेक पायरी उतरली की किंमतही उतरते. २०१३ साली लंडनच्या ख्रिस्टीजमध्ये एक निसर्गचित्र 'कॉन्स्टेबलच्या अनुयायाचे' म्हणून अवघ्या ३,५०० पौंडांना गेले. पुढे त्यावरचा काळपट रंग उतरवला गेला, आणि २०१५ साली न्यूयॉर्कला सदबीजने ते खुद्द कॉन्स्टेबलचे म्हणून विकले. तेव्हा किंमत आली ५० लाख डॉलरांहून अधिक!

हा वरचा थर येतो कोठून? एक तर व्हार्निश काळाने पिवळे पडते. निळे आकाश चहाच्या पाण्यासारखे दिसू लागते. दुसरे कारण माणसाचा हात. मागाहून कोणी डागडुजीसाठी, तर कोणी गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी मूळ चित्रावर रंग चढवतो.

याचे नामी उदाहरण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. हेंड्रिक व्हान आंथोनिसेन या डच चित्रकाराने १६४१ च्या सुमारास स्खेव्हेनिंगेनचा किनारा रंगविला. १८७३ साली चित्र संग्रहालयाला भेट मिळाले. त्यात वाळूवर आणि कड्यावर माणसे जमली आहेत. पण समोर मात्र काहीच नाही! चित्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण घेणारी शान कुआंग ते स्वच्छ करीत असता, क्षितिजावर अधांतरी उभा असलेला एक माणूस दिसू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली द्रावक आणि बारीक सुरी वापरून तिने वरचा रंग काढला. माणूस उभा होता तो किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड देवमाशावर! २०१४ साली ही गोष्ट जाहीर झाली. मेलेले जनावर दिवाणखान्यात नको म्हणून, किंवा चित्र सहज विकले जावे म्हणून कोणी ते झाकले असावे, असा तर्क आहे.

सुट्टीत हे सारे मी आबांना सांगितले. आबा शाळेत चौथीपर्यंतच गेले. तैलचित्र त्यांनी पाहिलेले नाही. ऐकून घेतले आणि म्हणाले, "एवढी माणसं थंडीवाऱ्यात रिकाम्या वाळूकडं कशाला बघत बसतील गं? कुणी तरी तवाच इचारायला पाहिजे होतं."

परीक्षेत मला असा प्रश्न सुचेल का, कोण जाणे.