शरीराची गोष्ट : लेखांक ११
बारीक अंगाची लपलेली चरबी

गेल्या आठवड्यात इन्सुलिनवर लिहिलं, तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतोय. आमच्या घराण्यात कुणी जाड नाही, सगळे काटकुळे, मग शुगर निघते कशी? याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडला आहे.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा : २२.३. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पण जेवल्यावर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या इशाऱ्यावर मुख्यतः स्नायूच खेचून घेतात. स्नायू कमी आणि त्यात पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठलेली, असं असलं की इन्सुलिनचा जोर चालत नाही. वरून माणूस सडपातळच दिसतो.

ही ठेवण बैठ्या नोकरीने आली, असं आपण धरून चालतो. पण याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून त्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची पाहणी सुरू केली आणि पुढे बाळं जन्मताच मोजली. काट्यावर ठेवलं, दंडाचा नि पोटाचा घेर घेतला, मग खांद्याच्या पात्याखालची कातडी हलकेच चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी पाहिली. या ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली. तिकडचं सरासरी वजन ३.५ किलो, इकडचं २.७. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोटाचा घेरही लहान. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. पुढे पुण्याच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर त्यात इन्सुलिनही लंडनच्या बाळांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे अजून एक घासही न खाल्लेल्या जिवाच्या अंगात ही ठेवण आधीच तयार होती.

मग पोटात असताना काय घडलं? आया किती उष्मांक खातात, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या आया दूध, फळं, हिरव्या पालेभाज्या वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मात्र मोठी होती. गरोदरपणात शेताचं नि घरचं काम ज्यांना जास्त पडलं, त्यांची बाळं लहान निघाली. यात आईला दोष देणारं कुणी भेटलं की माझा संताप होतो. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर तळाशी उरलेल्या भाजीवर भाकरी खाणारी बाई पालेभाजी कमी खाते, ती काही आवडीने नव्हे.

दुसरा धागा बी-१२चा. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. भाजी-धान्यात ते नसतं. या गरोदर बायकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणींमध्ये ते कमी आढळलं. ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा जोर नीट चालत नव्हता. म्हणून फोलेट देणाऱ्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायच्या असं मुळीच नाही, त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी हव्यातच. सोबत बी-१२ पुरेसं आहे का, ते डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.

आणि आज घरी एक करा. शिवणकामाची टेप काढा. कपड्यावरून नको, उघड्या पोटावर. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपा आणि दोहोंच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडून आकडा वाचा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात. आकडा त्यापुढे गेला, तर काट्यावर वजन कितीही कमी दिसो, उपाशीपोटी साखर तपासून घ्या.

स्नायू वाढवायचे कसे, तेही साठीनंतर, ते पुढच्या आठवड्यात.