वास्तू तथास्तु म्हणते तेव्हा

केमोने केस गेले की सोळा-सतरा वर्षांचं पोर 'शाम्पूचा खर्च वाचला' म्हणतं, आणि खाटेभोवतीची मोठी माणसं त्याला गप्प करतात. असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. बरं होण्याची आशा असते तोवर ही थट्टा एकवेळ खपून जाते. आजार शेवटाकडे झुकला की ती अभद्र ठरते. माझ्या मते नेमकी तेव्हाच ती अडवू नये. या वयात मुलाला आपलं आपण ठरवायचं असतं आणि आजार त्याला पुन्हा आईच्या हाताने घास घेणाऱ्या बाळाच्या जागी आणून बसवतो. सलाईन कधी, घरी कधी, सगळं दुसरेच ठरवतात. आपल्या मरणाबद्दल कोणत्या सुरात बोलायचं, एवढंच त्याच्या हातात उरतं.

पोराला काही माहीतच नाही, मग कशाला बोलायचं, असं घरचे म्हणतात. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये राहून 1978 साली दाखवून दिलं की कुणी न सांगताही मुलांना कळलेलं असतं; आईबापांना त्रास नको म्हणून तीच अजाणतेपणाचं सोंग घेतात. मूल गमावलेल्या स्वीडनमधल्या पालकांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही बोलका आहे. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या 147 पालकांपैकी एकालाही पस्तावा झाला नव्हता. न बोललेल्या 258 पैकी 69 जणांना झाला होता. (बाकीच्यांना झाला नाही, हेही खरं. तेव्हा बोलण्याची सक्ती नको.) जिथे कुणीच हा विषय काढत नाही अशा घरात पोराने केलेली थट्टा म्हणजे बहुधा चाचपणी असते: विषय काढला तर ही माणसं ऐकून घेतील का? 'शुभ बोल' म्हटलं की त्याला उत्तर मिळतं.

हसणं हा मुखवटा असेल, ही शंका मात्र रास्त आहे. कधी असतोही. पण तो घालायचा की काढायचा, हे पोराचं पोराने ठरवावं. वाईट याचंच वाटतं की 1971 च्या 'आनंद' चित्रपटापासून आपल्याला हसतमुख मरणाऱ्याचं फार कौतुक. ते एकदा गळ्यात पडलं की रडायची सोय राहत नाही. शिवाय दुखणं थांबल्याशिवाय कुणाला विनोद सुचत नाही. त्यासाठी वेदना शमवणारी मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी लागते. ही सोय देशात नवी नाही. मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारं देशातलं पहिलं हॉस्पिस, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, 1986 सालचं. मुंबईच्याच टाटा कर्करोग रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना हलक्या करण्याचा विभाग 1996 पासून आहे. मॉर्फिनचा कायदा 2014 मध्ये सैल झाला. तरीही परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावातल्या कुटुंबाला टाटा गाठायचं तर परभणीहून रात्रभराची रेल्वे, पाचशेहून जास्त किलोमीटर, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते पाहणं. उपचारांसाठी हे करावंच लागतं. पण उपचार थांबल्यावरही गोळीसाठी मुंबईच धरून बसावं लागलं, तर पोराचे शाळेतले दोस्त झरीतच राहतात. सतरा वर्षांचा मुलगा आपल्या मरणाची खरी मस्करी आईबापांपुढे करत नाही. ती तो दोस्तांपाशी करतो. गोळी आणि तिचा हिशेब ठेवणारी परिचारिका झरीच्या घरापर्यंत पोचायला हवी ती यासाठीही. आणि 'आता त्याला झोपू द्या' म्हणून दोस्तांना दारातूनच परत पाठवू नये.