सफरचंदाचा केक आणि गुरुजींची जादा गोळी

नवरात्र सरले की आपल्या बाजारात हातगाड्यांवर सफरचंदांचे ढीग लागतात. हिमाचलचा माल आधी येतो, काश्मीरचा त्यामागून. हिमाचलातील कोटगढ भागात 'डेलिशियस' जातीची लागवड सुरू केली ती सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी, १९१६ च्या सुमारास. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही जाऊन आले. त्यांच्या मूळ देशात याच दिवसांत हवा गार होते, बागा पिकतात आणि घरोघरी सफरचंदाचे छोटे केक भाजले जातात. ती रीत यंदा आमच्या एका पेशंटच्या घरी पोचली आणि रात्री दोन वाजता माझा फोन वाजला.

पेशंट म्हणजे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मधुमेह बारा वर्षांचा. त्यांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते, ती दिवाळीसाठी आली होती. तिने हौसेने कागदी वाट्यांत बारा केक भाजले, वर लोणी आणि पिठीसाखरेचा थर दिला. "फळाचाच तर आहे," असे म्हणत गुरुजींनी दुपारी चार वाजता तीन खाल्ले. मग मन खाऊ लागले. म्हणून रात्रीच्या एका गोळीऐवजी दोन घेतल्या, आणि प्रायश्चित्त म्हणून जेवलेही नाहीत.

फोनवर मुलगी रडत होती. "काका, बाबा घामानं भिजलेत, काहीबाही बोलतायत, मला ओळखत नाहीत. आई त्यांच्या तोंडात लाडू घालतेय." मी म्हटले, "आधी तो लाडू काढ. त्यांना कुशीवर वळव. मी निघालो." पोचलो तेव्हा साखर होती ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच-सात मिनिटांत गुरुजींनी डोळे उघडले आणि विचारले, "डॉक्टर, तुम्ही इथं कसे?" तरीही त्यांना रुग्णालयात हलवले. त्यांची गोळी ग्लिमेपिराइड गटातली. तिचा अंमल बराच वेळ टिकतो, वर आलेली साखर पुन्हा खाली जाऊ शकते. शुद्धीवर आले म्हणजे संकट टळले, असे या गोळीच्या बाबतीत समजू नये.

वाचकहो, यात चूक एकट्या गुरुजींची नाही. बारा वर्षे मी त्यांना "गोड बंद" एवढेच सांगत आलो. गोड खाल्ले गेलेच तर काय करायचे, हे कधी सांगितले नाही. ते आज सांगतो.

एखाद्या वेळी जास्त गोड खाल्ले गेले, तर गोळी आपल्या मनाने वाढवू नये आणि जेवण चुकवू नये. नेहमीचा डोस, साधे जेवण, त्यात भात-पोळी थोडी कमी. जेवणानंतर जरा फिरून यावे. यंत्र घरी असेल तर साखर तपासावी. फारच जास्त आली, किंवा तहान आणि लघवी एकदम वाढली, तर डॉक्टरांना विचारावे. एका दिवसाच्या वाढलेल्या साखरेने सहसा तातडीचा धोका होत नाही. ३८ ने मात्र एका रात्रीत माणूस जाऊ शकतो.

हात कापणे, घाम, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. यावेळी केक, लाडू किंवा चॉकलेट कामाचे नाही, कारण त्यातील तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

आता त्या केककडे वळू. मुलीला मी माप विचारले. मैदा दीड वाटी, साखर एक वाटी म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, लोणी अर्धी वाटी, दोन अंडी आणि दोन सफरचंदे (वाटी म्हणजे तिथला मोठा कप). बाराने भागा. एका केकमध्ये १७ ग्रॅम साखर, वर मैदा. एकूण पिष्ट आणि साखर दीड पोळीइतकी. वरचा थर वेगळाच. आणि सफरचंद? जेमतेम एक फोड. नुसते अख्खे फळ सालीसकट चावून खाल्ले तर त्यातील चोथ्यामुळे साखर हळूहळू रक्तात उतरते, शिवाय पोट भरते. केकमध्ये फळाचे नाव मोठे आणि वाटा लहान. बाजारच्या 'ॲपल फ्लेवर'च्या केकात तर कधीकधी नुसता वासच असतो.

म्हणून करूच नये का? करावे. अर्धा मैदा काढून कणीक घाला. साखर निम्मी करा. निम्म्या लोण्याऐवजी सालीसकट शिजवून घोटलेला सफरचंदाचा गर घाला; साखर-लोणी कमी झाल्याने येणारा कोरडेपणा तो भरून काढतो. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून मधुमेह्याचे काहीच भले होत नाही. अस्पार्टेमच्या गोळ्या भट्टीच्या उष्णतेत गोडी गमावतात, तेव्हा त्याही नकोत. वरचा लोण्याचा थर वगळावा. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात तो तसाही टिकत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी खाण्याच्या सोड्याचा हात आखडता ठेवावा, एका चमच्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते. भाजण्याआधीचे मिश्रण मुलांना चाटू देऊ नका. कच्च्या अंड्यातून जुलाबाचे जंतू जातात, कच्च्या पिठातूनही.

(सफरचंदाचे एवढे कौतुक ऐकून आमच्या पेरूला वाईट वाटत असेल. 'क' जीवनसत्त्व त्यात कितीतरी पटीने जास्त आणि चोथाही दुप्पट. पण पेरूचा केक कोणी करत नाही.)

मुलगी परत जाण्याआधी या मापाने पुन्हा केक झाले. गुरुजींनी दुपारच्या जेवणात एक पोळी कमी करून एकच खाल्ला. दोन तासांनी साखर १६४. एक केक माझ्यासाठी दवाखान्यात पाठवला होता. चांगला होता, दालचिनी मात्र जरा जास्त पडली होती.